दोन धान्यांचा कौल

फार पूर्वी एका खोऱ्यात दोन जमाती राहायच्या. टेकडीवर कुळीथ पिकवणारे टेकडकर आणि खाली भात पिकवणारे काठकर. पाणी अडवणारा बांध एकच, पण पंच दोन. जो तो आपल्याच जमातीतल्या उमेदवाराच्या मडक्यात आपल्या धान्याचा एक दाणा टाकी. दाणे जास्त, तो पंच.

काठकरांची पंच एक बाई होती. निवडून कसं यायचं, हे तिला पक्कं ठाऊक. पारावर उभं राहायचं आणि टेकडकरांच्या नावानं बोटं मोडायची, झालं. टेकडकरांचा पंचही त्याच माळेतला मणी.

एका पावसाळ्यात बांधाला भगदाड पडलं.

"भात तुमचा बुडणार, तुम्हीच बुजवा," टेकडकरांचा पंच म्हणाला.

"दगड तुमच्या टेकडीवर आहेत, तुम्हीच आणा," बाई म्हणाली.

या भांडणात बांध वाहून गेला. काठकरांचा भात गेला, आणि उन्हाळ्यात टेकडकरांची गुरं पाण्यावाचून तडफडली.

बाईला फार लाज वाटली. पुढच्या पावसाआधी बांध उभा करायचाच, असं ठरवून ती दोन्ही जमातींच्या सभेत उठली. "यापुढे पंच एकच. ज्याच्या मडक्यात भात आणि कुळीथ दोन्हींचे शंभर-शंभर दाणे निघतील, तोच पंच होईल. बाकीची मडकी तिथंच फोडायची."

तिचा भाऊ कानाशी लागला. "ताई, हातानं पायावर धोंडा पाडून घेतेस. टेकडीवरून तुला कोण दाणा देणार?"

"नाही दिला तर नाही दिला. मला बांध हवाय."

टेकडकरांचा पंच कुरकुरला, पण त्याची माणसं दोन कोसांवरून पाणी वाहून थकली होती. त्यांनी बाईचंच म्हणणं उचलून धरलं.

कौलाच्या दिवशी त्या पंचाच्या मडक्यात भाताचे चारच दाणे निघाले. फुटलं मडकं. मग बाईचं मडकं उपडं केलं. भाताची रास, आणि कुळीथ मोजून अकरा.

"राहू दे गं, नियम तूच आणलास, तूच मोड," काठकर म्हणाले.

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्याच जिभेनं घालवले बाकीचे दाणे," ती म्हणाली आणि तिनं स्वतःच्या हातानं मडकं फोडलं.

दोन्ही धान्यं पुरेशी निघाली ती टेकडीवरच्या सुईणीच्या मडक्यात. तिनं काठावरच्याही कितीतरी बाया बाळंतपणात सोडवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सुईण बाईच्या दारात आली. "दगड मी उतरवते. पण काठकर अजून तुमचंच ऐकतात. त्यांना कामावर आणाल?"

बाईनं पदर खोचला आणि ती घरोघर फिरली. पावसाआधी बांध उभा राहिला.

तात्पर्य: ज्याला सगळ्यांचा कारभार करायचा, त्यानं सगळ्यांच्या दारी जावं, आणि सुधारणा आणायची, तर तिचा पहिला फटका स्वतः सोसावा.