येसूची खिंड

हा जो काळे दगड रचून घातलेला गडगा सडाभर, या अख्ख्या कातळाच्या माळावर, सरळ गेलेला दिसतो ना, तो इथं मध्येच चाळीस हात तुटलेला आहे. रस्त्यावरच्या पाटीवर 'देवीची खिंड' लिहिलंय. ती पाटी लावणाऱ्यांशी माझं भांडण आहे, म्हणून तुम्ही आधी माझं ऐका.

पूर्वी म्हणे वरचे परब आणि खालचे परब ही गावातली दोन घरं या सड्यावरच्या गवतासाठी एकमेकांची डोकी फोडत. शेवटी त्यांनी कमरेइतका गडगा घातला आणि ग्रामदेवी सातेरीसमोर नारळ ठेवून शपथ घेतली, की जो यातला दगड हलवील त्याच्या घरात पाळणा हलणार नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी, दिवाळीआधी गवत कापणी चालली असताना, एक लहान विमान सड्यावर आलं. दोन पंख्यांतला एक थांबलेला, दुसऱ्यातून धूर. आत अकरा माणसं होती, असे सांगतात. विमान खाली येई, गडगा दिसला की कसंबसं वर जाई. असं दोनदा झालं. दोन्हीकडचे पुरुष कोयते हातात धरून नुसते वर बघत राहिले. काय करायला हवं ते सगळ्यांना कळत होतं, पण शपथ आडवी आली.

वरच्या परबांत येसू नावाची विधवा होती. तिची एकुलती एक मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. पाळण्याची शपथ त्या सड्यावर कुणाला लागणार असेल, तर ती येसूलाच.

"उभे कित्या ऱ्हवलात? तेका उतराक जागा व्हयी. गडगो पाडा," ती म्हणाली. कुणी हललं नाही. तेव्हा तिनं पदर खोचला आणि पहिला दगड स्वतः ओढला. "शपथ माझ्यार. आता तरी हात लावा."

आधी बायका धावल्या, मग लाजेनं पुरुष. विमान तिसऱ्यांदा आलं ते या खिंडीतून घासत गेलं. एक पंख दगडाला लागून मोडला, पण अकराही माणसं आपल्या पायांनी उतरली. गावानं त्यांना पेज वाढली, शहाळी दिली.

आणि चौथ्या दिवशी याच गावानं देवळात बसून येसूला वाळीत टाकलं, शपथ मोडली म्हणून. अजून माझं रक्त तापतं. ती त्यांना एवढंच म्हणाली, "देवीक राग इलो तर ती माझ्या घरात येयत. तुमी मधी कोण?"

गावानं खिंड तीनदा बुजवली. तिन्ही वेळा सकाळी दगड खाली. देवीनं पाडले, असे सांगतात. माझी आई सांगायची, त्या दिवसांत येसूच्या बोटांची सालं निघाली होती. बाईनं पाडले म्हणायला लाज वाटते, म्हणून देवीचं नाव.

विमान उतरलं त्याच्या नवव्या दिवशी येसूच्या घरात पाळणा बांधला गेला. त्या पाळण्यात मी होते. माझ्या बारशाला वरच्यांतलं कुणी आलं नाही, खालच्यांतलंही नाही. येसूनं एकटीनं माझं नाव ठेवलं आणि घुगऱ्या गुरांना घातल्या.

मी धडधाकट चालू लागले, तशी शपथेची भीती गेली. खालच्या परबांच्या एका सुनेनं आपलं अशक्त पोर गुपचूप या खिंडीतून नेलं. ते जगलं. मग रीतच पडली.

आजही दोन्ही घरांत मूल जन्मलं की बाराव्या दिवशी त्याला इथं आणतात. खिंडीच्या या बाजूला मी बाळ हातात घेते. वाळीत टाकलेल्या आमच्या घराचाच आता तो मान आहे. पलीकडे त्याचा आजोबा अनवाणी उभा असतो. बाळाचा काय दोष, म्हणून मी दरवेळी येते. पण "गडगो येसून पाडलो" असं त्या आजोबानं सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हटल्याशिवाय मी बाळ पलीकडे देत नाही.