सोजरची स्वच्छ डबी

"मग चूक झाली कुठं, अण्णा? तेवढं सांगा."

हणमंतअण्णा सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या पुसत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मास्क होता. हातमोजे होते. डबी नवी, मी माझ्या हातानं उघडली. नाव झाकणावर नाही, डबीच्या अंगावर लिहिलं. झाकण घट्ट लावलं, बाहेरून पुसलं, पिशवीत घातलं. पिशवी डब्यात, डब्यात बर्फ. दोन तासांत तुमच्या टेबलावर. आणि एकदा नाही, दोनदा! आता सांगा, यातलं काय चुकलं?"

"काहीच नाही," अण्णा म्हणाले.

"मग ती मेली कशी?" वैजनाथनं विचारलं.

अण्णांनी पुसलेली काचपट्टी उजेडाकडे धरली. मग पुन्हा पुसायला घेतली.

…

हणमंतअण्णा कोरे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होते. रक्त काढायला शिकवणारे पुष्कळ होते, आणि शिकायलाही झुंबड उडायची, कारण सुई हातात आली की माणसाला अर्धा डॉक्टर झाल्यासारखं वाटतं. अण्णा उरलेलं शिकवायचे. लघवी, शौच, जखमेतला पू, घशात फिरवलेला कापसाचा बोळा आणि छातीतला बेडका. आशाताई त्यांना पाठीमागे 'थुंकीमास्तर' म्हणायच्या. अण्णांना ते ठाऊक होतं, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे.

एका बाबतीत मात्र अण्णा खाष्ट होते. क्षयाचे जंतू छातीतल्या बेडक्यात सापडतात, लाळेत नाही; म्हणून बेडक्याच्या जागी नुसती लाळ आली, तर डबी आल्या पावली परत. मग ती आणणारा वीस कोस चालून आलेला असो की गावच्या सरपंचाचा मेहुणा असो. लाल पेनानं चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे, 'लाळ आहे.' तालुक्यातल्या झाडून साऱ्या कर्मचाऱ्यांनी त्या लाल पेनाला कधी ना कधी शिव्या घातलेल्या होत्या.

एक वैजनाथ बिडवे सोडून.

गावोगाव फिरून नमुने गोळा करणारा वैजनाथ हा अण्णांचा सगळ्यांत हुशार शिष्य. तीन वर्षांत त्याची एकही डबी परत आली नव्हती. ही गोष्ट तो स्वतः सांगायचा, न विचारता सांगायचा. आता तोच आशाताईंना शिकवू लागला होता आणि शिकवण्याची सुरुवात या वाक्यानंच करायचा. हुशार माणसाला थोडी हवा लागतेच, याला जरा जास्त लागली होती.

आणि रविवारी सोजर गेली.

सोजर चोवीस वर्षांची. घाटाखालच्या खडी केंद्रावर पाट्या उचलायची. दोन महिने खोकला, संध्याकाळ झाली की अंगात कणकण. वैजनाथनं दोनदा तिचा नमुना आणला आणि दोन्ही वेळा कागद आला, 'जंतू आढळले नाहीत.' मग खोकल्याची बाटली दिली. ती संपली, दुसरी दिली. गेल्या गुरुवारी तोंडातून रक्त आलं, तेव्हा जिल्ह्याला नेली. तिथं तपासलं तर जंतू मोजता येईनात इतके! औषध सुरू झालं आणि चौथ्या दिवशी ती गेली.

वैजनाथ तिच्या मातीला गेला होता. सासऱ्यानं त्याला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "सायेब, तुमचा कागद तर म्हनला व्हता, काईबी न्हाई म्हनून?"

वैजनाथनं मोटारसायकलला किक मारली.

उद्या त्याच घरी जायचं होतं. घरातल्या पाचही जणांचे नमुने घ्यायचे होते. सोजरची जाऊ पंधरा दिवस खोकत होती. आणि मोठ्या डॉक्टरांनी लेखी खुलासा मागितला होता, तो वेगळाच. खरं सांगायचं तर वैजनाथ अण्णांकडं रडायला आला नव्हता. तुझं काही चुकलं नाही, हे ऐकायला आला होता.

ते त्याला ऐकायला मिळालं होतं, पण त्यानं समाधान झालं नव्हतं.

…

अण्णा उठले. कपाटातून एक कोरी डबी काढली आणि त्याच्यापुढं ठेवली.

"दे."

"काय?"

"बेडका. परवापासून घसा खाकरतोयस."

"माझा कशाला, अण्णा? मला साधी सर्दी आहे."

"असू दे. दे."

वैजनाथनं डबी उचलली. गुरूनं सांगितलं की करायचं, एवढं वळण त्याला होतं.

"कुठं देऊ?"

"तू लोकांना कुठं द्यायला लावतोस?"

"मोकळ्या हवेत. बंद खोलीत घेतला तर जंतू खोलीतच राहतात, दुसऱ्याच्या छातीत जातात. तुम्हीच शिकवलंय."

"मग जा मोकळ्या हवेत."

बाहेर आवारात जेवणाची सुट्टी झालेली. सकाळपासून प्रशिक्षणाला आलेल्या सव्वीस आशाताई भिंतीच्या सावलीला डबे उघडून बसल्या होत्या. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर दार उघडं टाकून तंबाखू मळत होता. वैजनाथ पार कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला. त्यानं चूळ भरली. दोनदा खोल श्वास घेतला, अगदी सकाळी शिकवला होता तसा.

बोलणं थांबलं. सव्वीस जणींनी घास हातात धरून त्याच्याकडं पाहिलं.

"सर, छातीतून बरं का!" एकजण म्हणाली आणि चारजणी फिसकन हसल्या.

त्यानं पाठ केली. वाकला. छातीत होतं, चांगलं चिकटून बसलेलं होतं, पण ते वर आणायचं तर घसा फाटेस्तोवर खाकरावं लागलं असतं. सकाळी याच बायांपुढं तो इस्त्रीच्या शर्टात उभा होता… तो दोनदा हलकेच खोकला. तोंडात जे होतं ते डबीत सोडलं. झाकण लावलं, डबी बाहेरून पुसली, अंगावर नाव लिहिलं आणि आत आला.

अण्णांनी डबी हातात घेतली. खिडकीपाशी नेली. तिरकी केली. आतलं पाण्यासारखं या कडेचं त्या कडेला गेलं. वर थोडा फेस होता.

"काय आहे हे?"

…

"लाळ," वैजनाथ म्हणाला.

"मागितलं काय होतं?"

"बेडका."

"छातीत नव्हता?"

"होता."

"मग?"

वैजनाथचे कान लाल झाले.

"सगळ्या बघत होत्या, अण्णा."

अण्णांनी डबी दोघांच्या मधोमध टेबलावर ठेवली आणि खुर्चीवर बसले.

…

वैजनाथ त्या डबीकडं बघत राहिला. आधी त्याला फक्त राग आला. भर दुपारी चारचौघींत आपलं हसं केलं म्हणून. मग राग कुठल्या कुठं गेला आणि खडी केंद्राचं अंगण त्याच्यापुढं उभं राहिलं.

सोजर त्या दिवशी झोपडीच्या मागं जायला निघाली होती. त्यानंच हाक मारली होती. "तिकडं कोंदट आहे ताई. इकडं मोकळ्यावर या."

मोकळ्यावर बाजेवर तिचा सासरा बसला होता. मुकादम होता. खडी भरायला आलेले दोन ट्रकवाले होते. ती सगळ्यांच्या मधे डबी घेऊन उभी राहिली. वैजनाथ वारा कुठून येतोय ते बघून, अंतर राखून, तोंड फिरवून उभा राहिला. नियमात तसंच होतं.

सासऱ्यापुढं सुनेनं घसा खाकरायचा नसतो. हे वैजनाथला कुणी सांगायला हवं होतं असं नाही. त्याची स्वतःची आई आजही त्याच्या आजोबांपुढं खोकला पदरात दाबते. घरात जे रोज बघतो, ते साहेब होऊन गेल्यावर त्याला दिसलं नाही.

सोजरनं पदर नाकापर्यंत ओढला. वेलदोड्याचं टरफल टाकावं तितक्या हलक्या हातानं ती डबीत थुंकली आणि झाकण लावून डबी त्याच्याकडं दिली. एरवी लोक डबीचा काठ भरवतात, हात भरवतात, बघवत नाही. ही डबी लख्ख होती. वैजनाथ खूश झाला. बरोबर दोन नव्या आशाताई शिकायला आणल्या होत्या, त्यांच्यापुढं त्यानं ती डबी उंच धरली.

"बघा! नमुना द्यावा तर असा. कुठं एक डाग आहे का?"

सोजर पदराआड हसली होती. दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाणारी बाई. तिला कुणी कधी शाबास म्हटलं असेल का, देव जाणे.

दुसऱ्या वेळी तिनं त्याहून स्वच्छ डबी दिली.

…

"मी तिला शाबासकी दिली, अण्णा."

"हं."

"चारचौघांत दिली. तिला वाटलं असंच द्यायचं असतं. मी आत बघितलंच नाही. नाव बघितलं, झाकण बघितलं. आत काय आहे ते नाही बघितलं!"

अण्णांनी पुसायचं फडकं पुन्हा हातात घेतलं.

"एक चादर लागली असती. नुसता आडोसा. मोकळ्यावरच, पण आडोशाला. आणि सासऱ्याला म्हणायचं होतं, बाबा, जरा पलीकडं जाऊन बसता का… तो बसला असता हो. भला माणूस आहे. चादर माझ्या मोटारसायकलला बांधलेली होती."

तो खाली फरशीवरच बसला. इस्त्रीच्या पँटची त्याला शुद्ध नव्हती.

"मीच मारली तिला."

आता अण्णा नाही म्हणतील, याची तो वाट बघत होता. असं मनाला लावून घेऊ नये, एवढं तरी म्हणतील. म्हातारी माणसं म्हणतात तसं. पण अण्णा काही म्हणाले नाहीत. बाहेर आशाताई डबे धूत होत्या आणि नळाचं पाणी वाहत होतं.

"उद्या तिच्या जावेपुढं डबी कशी धरू? कुठल्या तोंडानं सांगू तिला, छातीतून काढ म्हणून?"

"धरावी लागेल," अण्णा म्हणाले.

"तिनं नाही दिलं तर?"

"मग तीही जाईल."

वैजनाथनं चेहरा दोन्ही हातांनी झाकला. रडला. तीन वर्षांत न परतलेल्या डब्यांचा सारा तोरा त्या फरशीवर गळून गेला. त्याच्या जागी काहीही आलं नाही. शिकलो असं वाटलं असतं तर निदान जिवाला आधार झाला असता, पण शिकून सोजर परत येणार नव्हती.

त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि वर बघितलं. टेबलाच्या कडेला आजच्या परत पाठवायच्या डब्या ओळीनं मांडलेल्या होत्या. पाच होत्या. प्रत्येकीला एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर लाल शाई.

तो त्या ओळीकडं बघत राहिला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"अण्णा…"

"हं."

"माझी डबी तुम्ही नुसती तिरकी केली. ना काचपट्टी केली, ना सूक्ष्मदर्शकाखाली घातली. लाळ आहे हे तुम्हाला डोळ्यांनीच कळलं."

"कळतं."

"सोजरची डबी याच टेबलावर आली होती."

"आली होती."

"दोन्ही वेळा तुम्हीच उघडली."

"मीच."

"लाळ तुम्ही कुणाची ठेवून घेत नाही. सरपंचाच्या मेहुण्याचीसुद्धा नाही…"

अण्णांनी चष्मा काढला. तो टेबलावर ठेवला. त्यांनी वैजनाथकडं बघायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते जमलं नाही.

"मग ती लाळ आहे, हे तुम्हाला दिसलं नाही, अण्णा?"

…

"दिसलं होतं," अण्णा म्हणाले. "पण डबीवर अक्षर तुझं होतं, वैजू."