समोरासमोर दोन दारं

ऐका हं. पण आधी पांघरूण नीट घ्या. लांब पश्चिमेला, समुद्रापार, आयर्लंड नावाचं एक बेट आहे. हिरवंगार. आणि वारा इतका, की वाळत घातलेलं धुणं शेजारच्या गावात जाऊन शोधावं लागतं. त्या बेटावर ऊना नावाची एक बाई राहायची आणि तिचा नवरा लोरकन.

एकदा काय झालं, समुद्राला मोठं उधाण आलं आणि त्यांचं किनाऱ्यावरचं घर खचलं. भिंती गेल्या, छप्पर गेलं. ऊनाला तर दिवस गेलेले. थंडी पडायच्या आत नवं घर उभं राहायला हवं होतं. तोवर दोघं शेजाऱ्याच्या गोठ्यात राहिली. घरातून ऊनाने काय वाचवलं असेल? मडकंभर निखारे. तिकडे चूल विझू देत नाहीत, बरं का. निजताना निखारा राखेखाली झाकायचा, सकाळी फुंकर घालायची. पणजीने पेटवलेला विस्तव पणतीच्या चुलीत असतो.

मग दोघं जागा शोधायला निघाली. तिथली रीत अशी, की घराच्या चार कोपऱ्यांवर चार काठ्या रोवायच्या आणि सकाळी जाऊन बघायचं. कशाला म्हणाल, तर तिथे टेकड्यांच्या पोटात दुसरीच माणसं राहतात. सहसा कुणाला दिसत नाहीत. पण त्यांच्या जायच्या-यायच्या वाटा ठरलेल्या असतात, आणि वाटेत घर आलेलं त्यांना खपत नाही.

पहिल्यांदा ओढ्याकाठी काठ्या रोवल्या. सकाळी बघतात तर चारही आडव्या. मग माळावर रोवल्या. सकाळी काठ्याच नाहीत. राहिली टेकडीच्या पायथ्याची जागा. तिथे रोवल्या, तर सकाळी चारही उभ्या. पण मधलं गवत मात्र दबलेलं होतं. एका अंगाने दुसऱ्या अंगाला सरळ रेघ, पुष्कळ पावलं गेल्यासारखी.

लोरकन म्हणाला, "इथेही नाही. चल."

"चल कुठे? आता आपल्याकडे दुसरी जमीनच नाही," ऊना म्हणाली. "आणि इथे त्यांनी काठ्या का पाडल्या नाहीत? मला विचारायचंय." आणि ती त्या रेघेवरच बसली.

ऊन वर आलं. ऊन कलायला लागलं. मग टेकडीकडून एक म्हातारी आली. ऊनाच्या कमरेएवढी असेल.

"पोरी, आमच्या वाटेत बसलीस."

"म्हणूनच बसले, आजी. काठ्या का नाही पाडल्यात?"

"पाडणारच होते. मग कळलं, की तू दोन जिवांची आहेस. हात आवरला. पण वाट काही सोडता येणार नाही आम्हाला."

ऊना विचारात पडली. मग म्हणाली, "वाट राहू दे की. मी तिच्यावर भिंत नाही बांधत, दार बांधते. पुढे एक, मागे एक, समोरासमोर. एका दाराने या, दुसऱ्याने जा."

म्हातारीने मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. "दर शुक्रवारी दिवेलागणीला दोन्ही उघडी हवीत. एकही शुक्रवार चुकायचा नाही."

"नाही चुकणार."

मग शेजारीपाजारी कामाला आले. दगडमातीच्या हातभर जाड भिंती उभ्या राहिल्या. खिडक्या एवढ्याशा, वारा आत येऊ नये म्हणून. घर पेंढ्याने शाकारलं, वरून दोर टाकले. जमिनीची माती चोपायला काय केलं माहितीये? एका सारंगीवाल्याला बोलावलं आणि सगळे त्या मातीवर नाचले. नाचून नाचून जमीन टणक झाली. दारं मधून कापलेली होती. वरचं अर्धं उघडायचं, उजेड येतो. खालचं लावायचं, कोंबड्या बाहेर राहतात. मग ऊनाने नव्या चुलीत जुने निखारे ठेवले, आणि थोड्याच दिवसांत तिला मुलगी झाली. नाव ठेवलं ग्रानिया.

ग्रानिया पाच दिवसांची होती. शुक्रवार होता. सकाळपासून वादळ. दिवेलागण झाली तेव्हा लोरकन पुढच्या दाराला पाठ लावून उभा होता.

"आज नको, ऊना. दारं उघडली तर वारा आत शिरून छप्पर उचलेल. बाळ आहे घरात."

वर दोर ताणून कुरकुरत होते. ऊनाने बाळाला छातीशी धरलं. "भीती मलाही वाटतेय. पण त्यांनी जागा दिली, म्हणून ही छपराखाली जन्मली. तू मागचं उघड, मी पुढचं उघडते."

लोरकन दारापासून बाजूला झाला. मग मागच्या दाराकडे गेला.

दारं उघडली. वारा घुसला, राख उडाली, छप्पर वीतभर वर उठलं. आणि तेवढ्यात जमिनीवर पावलं वाजायला लागली. लहान लहान पावलं, एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर. दिसत कुणीच नव्हतं. शेवटी तेवढी म्हातारी दिसली. ती थांबली, बाळाकडे बघितलं आणि गेली. मग बाहेरून आवाज आला. खट. खट. खट. भिंतीभोवती सगळीकडून. आणि छप्पर हळूच खाली बसलं.

वादळ ओसरल्यावर दोघं बाहेर आली. छपरावरून लोंबणाऱ्या प्रत्येक दोराच्या टोकाला एकेक गोल, जड दगड बांधलेला होता. लोरकनने एक उचलून बघितला, दोन्ही हातांनीही उचलेना.

ते बघून पुढे सगळा गाव छपराच्या दोरांना दगड बांधायला लागला. ग्रानिया मोठी झाली, तिला भावंडं झाली, आणि ती सगळी त्या घरात पोटभर जेवून गाढ झोपली.

चला, आता तुमची पाळी. मिटा डोळे.