दुर्पाने लिंपलेली मागची भिंत

कोणे एके काळी, तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही आधी, समुद्रात एक छोटं बेट होतं. बेटावर चाळीसेक घरं आणि प्रत्येक घरामागे वांग्यांचा वाफा. वांगी लहान, पांढऱ्या रेघांची, शिजली की लोण्यासारखी मऊ. पलीकडच्या किनाऱ्यावरची माणसं होड्या करून ती न्यायला येत.

त्या बेटावर दुर्पा नावाची बाई राहायची. लिंपणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाई मनाची चांगली, पण टापटिपीचं वेड भारी. दुसऱ्याच्या भिंतीला भोक दिसलं, तरी हिला चैन पडायची नाही.

जत्रा आली की बेटावरच्या बायका घराच्या तीन भिंती शेणामातीने लिंपत आणि वाफ्याकडची मागची तशीच सोडत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणत, "सासू सोडायची, म्हणून आम्हीही सोडतो."

"मागची भिंत काय सवतीची आहे?" दुर्पा म्हणाली. एका वर्षी तिने पदर खोचला आणि सगळ्या बेटाला कामाला लावलं. मागच्या भिंती चकचकीत झाल्या, जवळजवळ सगळी भोकं बुजली. पाटलांनी तिला जत्रेत मानाचा नारळ दिला. दुर्पाला आभाळ ठेंगणं झालं.

पुढच्या वर्षी वांग्यांना जांभळी फुलं आली आणि तशीच गळून गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. होड्या येईनाशा झाल्या. घराघरांतलं जपलेलं बियाणं मूठभर उरलं. आता फळ धरलं नाही, तर ते वांगं बेटावरून कायमचं जाणार होतं.

पाटील हुशार माणूस. त्यांनी पलीकडून मधमाश्यांची चार पोळी आणवली. माश्या खुशाल माडाच्या फुलांवर गेल्या. बेटाला मध मिळाला, वांगं काही मिळालं नाही.

जत्रा पुन्हा जवळ आली. बेटावर एकच मागची भिंत लिंपायची राहिली होती. ती धाकूची. धाकू एक नंबरचा आळशी, त्याच्या परसाकडे कुणी फिरकतही नसे. दोन वर्षं तो "उद्या करतो, वहिनी," एवढंच म्हणत होता. शेवटी पाटील दुर्पाला म्हणाले, "तुम्हीच उरका एकदाचं."

दुर्पा मातीचं घमेलं घेऊन धाकूच्या परसात गेली आणि जागच्या जागी थबकली. वाफ्यात वांगी लटकली होती!

"भावजी, खत कसलं घातलंत?"

"खत? मी?" धाकू खाटेवरून म्हणाला. "वहिनी, मी पाणीसुद्धा आठवलं तर घालतो."

दुर्पाने मान हलवली आणि भिंतीला पहिला हात लावायला गेली. तेवढ्यात एका भोकातून निळ्या पट्ट्यांची माशी बाहेर आली आणि तिच्या नाकासमोर उभी राहिली.

"बाई, आणखी किती जणींना जिवंत गाडणार आहेस?"

"मी? मी कुणाला गाडलं गो?"

"आम्हाला. आमचं पोळं नसतं, राणी नसते. प्रत्येकीचं आपलं एक भोक, त्यात आपली पिल्लं. चाळीस घरांच्या भिंतींत राहत होतो. आता या एका भिंतीत अकराजणी उरलोय."

"पण पाटलांनी माश्या आणल्यात ना?"

"त्या मधाच्या. वांग्याच्या फुलात मध नसतो. पराग असतो, तोही आत कोंडलेला. फूल धरून अंग थरथरवावं लागतं, तेव्हा तो झडतो आणि फळ धरतं. ते त्यांना येत नाही, आम्हाला येतं."

दुर्पाच्या हातातली माती गळून पडली. तिला रडू आलं. मग डोळे पुसून ती तडक घरी गेली, पहार काढली आणि स्वतःच्या मागच्या भिंतीचं लिंपण उकरू लागली. बायका जमल्या. "दुर्पा, वेड लागलं का गो?"

"वेड दोन वर्षांपूर्वी लागलं होतं," ती म्हणाली. "आज उतरलं. चूक माझी होती, बायांनो. तुम्हीही खरवडा."

पाटील आधी रागावले. मग धाकूच्या वाफ्यात जाऊन आले आणि गपचूप आपल्या घरची पहार शोधू लागले. उरलेलं बियाणं त्यांनी धाकूच्याच परसात पेरायला लावलं. धाकूने एवढंच विचारलं, "पाणी कोण घालणार?"

पहिल्या वर्षी दोन घरांत निळ्या माश्या आल्या, मग सातांत, मग सगळीकडे. चौथ्या वर्षी होड्या परतल्या. दुर्पा त्यानंतरही पुढच्या भिंतीवर माशी बसू देत नसे म्हणा. पण बेटावर कुणाच्याही घरात नवी सून आली की ती तिला आधी परसात नेई आणि सांगे, "तीन भिंती आपल्या. ही चौथी त्यांची. हिच्याच जिवावर आपण जेवतो."

तात्पर्य: आपल्याला ज्याचा उपयोग कळत नाही, ते बुजवण्याआधी तिथे कोण राहतं ते पाहावं.