लांब वायर आणि मंद काढा

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या घरी काढा उकळेनासा झाला.

वैद्य अरिष्टे, म्हणजे मुरवून केलेली पातळ औषधे, करीत. वनस्पतींचा काढा चतुर्थांश उरेपर्यंत आटवायचा, निवला की त्यात गूळ आणि धायटीची फुले घालून तो बरणीत मुरवायचा, अशी त्यांची परंपरागत रीत होती. पुढे त्यांना चुलीचा धूर सोसेना, म्हणून विजेवर चालणारे मोठे पातेले आणले आणि काढ्याचे काम शिष्याकडे आले.

शिष्य बुद्धिमान होता, विनयशील होता. विनय जरा जास्तच होता असे मी म्हणेन. मोठ्या पातेल्याला जोडता येईल असा पॉवर प्लग घरात एकच, आणि तो गुरूंच्या बैठकीशेजारी. तिथे गुरू रुग्णांची नाडी पाहत. काढ्याची खळखळ आणि वास यांचा त्यांना उपद्रव नको, म्हणून शिष्याने पातेले थेट मागच्या पडवीत नेऊन ठेवले. बाजारातून एक लांबलचक, बारीक वायर आणली आणि उरलेल्या वायरीचे नीट वेटोळे करून ते दाराआड सारले.

त्या दिवसापासून पाणी तापे, वाफ निघे, तळाशी चार बुडबुडेही धरत, पण उकळी म्हणून येत नसे. शिष्याने प्रथम मनाची समजूत घातली, की ग्रंथात काढ्याला मंद आचच सांगितली आहे. पण काढा आटेना. तसाच पातळ काढा बरणीत भरला, तो आंबून गेला आणि परसात ओतावा लागला. मग त्याने कॉइलवर चढलेला क्षार चिंचेने घासून काढला. झाकण बदलले, पाणी कमी घातले, दुकानदाराशी वाद घालून नवी कॉइलही बसवली. एक गोष्ट मात्र केली नाही. गुरूंना विचारले नाही.

बरणीमागून बरणी वाया गेली, तेव्हा त्याने पिशवी भरली आणि गुरूंसमोर जाऊन उभा राहिला. औषध बिघडवणाऱ्याने वैद्य होऊ नये, असे त्याच्या मनाने घेतले होते.

"माझ्या हाताला गुण नाही," तो म्हणाला. "आपण दुसरा शिष्य पाहावा."

 वैद्य भिंतीचा आधार घेत उठले आणि पडवीकडे चालू लागले. पातेले अजून चालूच होते; शिष्याला वाटले, आता ते तपासतील. पण त्यांनी पातेल्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. दाराआड वाकून ते वायरीच्या वेटोळ्याशी बसले आणि रुग्णाचे मनगट धरावे तसा त्यांनी त्यावर हात ठेवला. मग शिष्याचाही हात तिथे ठेवायला लावला.

वेटोळे चांगलेच तापले होते. वरचे प्लास्टिक मऊ पडले होते.

"आच कमी नव्हती, भार्गवा," वैद्य म्हणाले. "ती वाटेतच खर्ची पडत होती. अजून काही दिवस गेले असते, तर याच दाराला आग लागली असती. पातेले इतके लांब कशासाठी नेलेस?"

"आपल्याला त्रास होऊ नये म्हणून."

"आणि पहिली बरणी बिघडली, तेव्हा मला का विचारले नाहीस?"

शिष्याच्या ओठांवर तेच उत्तर आले होते. त्याचे डोळे भरून आले.

वैद्य त्याच्याकडे वळले. मग सावकाश म्हणाले, "गुरूचा मान राखावा, पण गुरूपासून एवढे दूर बसू नये. तू माझ्यापासून पातेले लांब नेलेस, तशाच शंकाही लांब नेल्यास. माझ्याजवळ जे होते ते तुझ्यापर्यंत पोचलेच नाही. आणि सगळा दोष तुझाच नाही. तू काही विचारीत नाहीस, तेव्हा याला माझ्याकडून शिकायचे नसावे, असे मी धरून चाललो. मनाला लागले होते ते. पण मीही उठून पडवीत आलो नाही."

ताकाला जाऊन भांडे लपवणारे आपण पुष्कळ पाहतो. ताक देणारा भरला तांब्या घेऊन वाट पाहत बसलेला असतो, हे आपल्या गावीही नसते.

शिष्याने ती वायर टाकून दिली. पातेले उचलून गुरूंच्या बैठकीपाशी आणले, पॉवर प्लगला थेट जोडले. थोड्या वेळाने पाण्याला उकळी फुटली आणि सगळी खोली त्या खळखळाटाने भरून गेली. शिष्याने भीत भीत गुरूंकडे पाहिले. ते डोळे मिटून तो आवाज ऐकत होते.

"गुरुजी," शिष्य म्हणाला, "मंद आच म्हणजे नेमकी किती?"

वैद्यांनी काहीतरी उत्तर दिले, पण उकळीच्या आवाजात ते शिष्याला ऐकू आले नाही. तेव्हा त्यांनी आपल्या बैठकीवर थोडे सरकून त्याच्यासाठी जागा केली. शिष्याने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला.