गाठीची बाव

सांगतो, पण एकदाच. नाताळ आला की शहरातली माणसं येशूजन्माचे गोठे बघत आमच्या तांबळवाडीत येतात आणि फादर मलाच उठवतात. "बाबा, तुम्हीच सांगा." का? बाकीच्यांची तोंडं शिवलीत काय?

ही बाव बघा. बाव म्हणजे विहीर. हिला कप्पी नाही, दोर हातानेच ओढायचा. दोराच्या मधोमध मुठीएवढी गाठ असते, ती कप्पीत अडकते. नवा दोर आणला तरी आम्ही तो आधी कापतो, मग बांधतो. हसू नका.

असं सांगतात, की प्लेगच्या साली वाडीच्या वाटेवर सरकारी पहारा बसला. आतलं माणूस बाहेर जाईना, बाहेरचं आत येईना. देवळाला कुलूप, पाद्री पलीकडच्या गावात अडकलेला. नोव्हेंबरात कतरीनचा नवरा बस्त्याव गेला. त्याचा सख्खा थोरला भाऊ सांतान दार लावून आत बसला, खांद्यालासुद्धा आला नाही.

तिसऱ्या दिवशी कतरीन कळशी घेऊन बावीवर आली, तर सांतान कोयता घेऊन उभा. साऱ्या वाडीला गोड्या पाण्याची बाव ही एक, दोरही एकच. "तुझ्या हातचा रोग दोराला लागेल," म्हणाला, आणि बारा हातांचा दोर त्याने मधोमध कापून अर्धा तिच्या अंगावर फेकला. "हा तुझा. आमच्या दोराला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे!"

आता अक्कल बघा. पाणी दहा हातांवर. सहा हातांचा दोर तिचाही पोचेना आणि ह्या शहाण्याचाही पोचेना. बाजार बंद, नवा दोर आणणार कुठून? बघायला वीस माणसं होती, एकानेही त्याचा हात धरला नाही.

कतरीनने दोराला जुनं लुगडं जोडून पाहिलं. भरल्या कळशीच्या वजनाने ते फाटलं, कळशी बुडाली. मग सगळी वाडी खाडीकाठच्या डबक्यातलं मचूळ पाणी पिऊ लागली. कतरीनची लेक रोझू तापाने फणफणली, ते पाणी तिच्या पोटात ठरेना. कतरीन रडली नाही म्हणे. अर्धा दोर उशाशी घेऊन निजायची आणि सांतानला मनातल्या मनात शिव्या घालायची. बरोबर केलं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी रोझूने डोळे फिरवले, तशी ती दोर उचलून बावीवर धावली. बघते तर सांतान काठावर पालथा पडून अर्ध्या दोराने पोहरा सोडतोय. त्याच्या पोरालाही, मिंगेललाही ताप चढला होता. दोर कापला तरी रोग दारातून आत गेलाच.

"कतरीन, तुझा तुकडा दे."

"देते. भावजी, माझ्याशी गाठ आहे म्हणाला होतात ना? मग मारा गाठ. तुमच्या हाताने."

तो पुढे झाला, तशी तिने दोर मागे ओढला. "आधी तोंड उघडा."

"चुकलो," तो पुटपुटला.

"बस्त्यावला मी एकटीने पुरलं. खिडकीआडच्यांनाही ऐकू जाऊ दे."

"चुकलो गं, कतरीन!" सांतान ओरडला. आवाज बावीत घुमला. एकेक दार उघडलं.

गाठ बसली. दोघांनी मिळून पोहरा ओढला. संध्याकाळी वाडीने इथंच, बावीच्या काठावर गुडघे टेकले. गोठा नाही, मेणबत्ती नाही. भरला पोहरा मधे ठेवला आणि बाळ येशूचं गाणं म्हटलं.

रोझू वाचली. मिंगेल नाही वाचला. तुम्हाला शेवट गोड हवा असतो, ठाऊक आहे मला. पाणी गोड होतं, तेवढंच. पोर पोटभर पिऊन गेलं. पण त्याच्या मयताला सगळी वाडी होती, आणि सगळ्यांच्या पुढे कतरीन.

आजही नाताळच्या आदल्या दुपारी नवा दोर कापतात. वर्षभरात ज्यांचं वाजलं, त्यांनी एकेक टोक धरायचं. ज्याची चूक त्याने मोठ्याने बोलायचं आणि गाठ मारायची. मग वाडी पाणी भरते, मग नाताळ.

आज तीच दुपार. नवा दोर मघाशीच कापलाय. माझं टोक माझ्या हातात आहे, दुसरं त्या दगडावर पडलंय. बायका कळश्या घेऊन खोळंबल्यात. देवळाच्या सभेत चारचौघांत मला अंगठेबहाद्दर म्हणून हसणारा त्या निळ्या खिडकीआड बसलाय. ऐकतोय सगळं. माझ्याशी गाठ आहे, पास्कू घोन्साल्विस!