पेवावरचा कंदील

"पण अण्णा, हळदीचा भाव कोसळणार हे तुम्हाला आधी कळलं कसं?"

शीतल मगदूमने तिसऱ्यांदा विचारलं. हातात मानपत्राचा मसुदा होता. उद्या सगळा हळदबाजार आदगोंडा अण्णांचा सत्कार करणार होता.

करायलाच हवा होता. हळद अजून जमिनीत असतानाच तिचा पुढचा भाव ठरवून टाकायचा, वायद्याचा सौदा करायचा, हे कृष्णाकाठच्या त्या बाजाराला पहिल्यांदा शिकवलं ते अण्णांनी. तेव्हा लोक पोट धरून हसले. मग एका वर्षी भाव असा आपटला की ज्यांनी अण्णांच्या शब्दावर भाव आधीच बांधून घेतला होता, तेवढेच शेतकरी तरले. हसणारे तेव्हापासून अण्णांना वाकून नमस्कार करतात.

शीतल अण्णांच्याच हाताखाली तयार झालेला. हुशार, आणि त्या हुशारीवर स्वतःच फार खूश. अण्णांना पुढचं दिसतं, आणि ती विद्या आता आपल्याला मिळावी, एवढीच त्याची आस.

"मी लिहिलंय, 'भविष्य जाणणारा महापुरुष'. बरोबर ना?"

अण्णा हसले.

"तुझं पेव आज उघडलंस म्हणे?"

"सकाळीच."

"चल, बघू."

पेव म्हणजे जमिनीखालचं हळदीचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. शीतलचं पेव आठ महिने बंद होतं.

"आत काय आहे?"

"हळद की! शेवटची पाटी ओतली तेव्हा मी इथंच उभा होतो. थांबा, मूठभर आणून दाखवतो."

त्याने दोर धरला आणि एक पाय आत सोडलाही.

अण्णांनी त्याचं मनगट पकडलं. हात ऐंशी वर्षांचा, पण शीतलला हलता येईना.

"कंदील सोडल्याशिवाय?"

"सकाळपासून वारा खेळतोय आत. माझंच पेव, अण्णा. मला ठाऊक नाही होय?"

अण्णांनी त्याला बाजूला ओढलं, कंदील पेटवला, दोरीला बांधला आणि हळूहळू खाली सोडला.

एक हात... दोन हात... पुरुषभर...

ज्योत थरथरली. विझली.

पेवातली कोंडलेली हवा माणसाला हाक मारायचीही सवड देत नाही, हे त्या गावातलं शेंबडं पोरही जाणतं. शीतलच्या हातून मानपत्र मातीत पडलं, ते उचलायचंही त्याला सुचलं नाही.



मग त्याने अण्णांचे पाय धरले.

"अण्णा... तुम्हाला कळलं कसं?"

अण्णा विझलेला कंदील वर ओढत होते.

"कळलं नव्हतं बाबा. म्हणून तर कंदील सोडला."